तंबू घेऊन दुचाकीवर कोकण किनारा: रोजचे २५० किलोमीटर का जमणार नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जण, तिघे मुलगे आणि दोघी मुली. चार गाड्या: दोन बुलेट ३५०, एक पल्सर १५० आणि एक १२५ची स्कूटर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निघायचं, सागरी मार्गाने गोव्याला जायचं आणि सात दिवसांत परत यायचं. मुक्काम रोज किनाऱ्यावर तंबूत, राहण्याचा खर्च शून्य. दिवसाला २५० किलोमीटर धरले आहेत. विचारलं आहे ते एवढंच, की तंबू कोणता घ्यावा आणि सामान किती न्यावं.

तंबूचं आणि सामानाचं सांगतो, पण त्याआधी त्या २५० किलोमीटरबद्दल बोलायला हवं. तुमचा बेत अडणार आहे तो तिथे. मी २००७ पासून जवळजवळ दर हिवाळ्यात हा किनारा दुचाकीवर करतो आहे. आधी मित्रांबरोबर, नंतर नवख्या लोकांना घेऊन. ज्या सहली बिघडलेल्या पाहिल्या त्यातली एकही तंबू हलका निघाला म्हणून बिघडली नाही. अंधारात मुक्कामाची जागा शोधावी लागली म्हणून बिघडल्या.

हिशेब करून बघा. कोकणातला किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे घाटी चढउतार, गावांतून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, समोरून येणारी एसटी, आणि दर दहा किलोमीटरला थांबावंसं वाटेल असं काहीतरी. सामान लादलेल्या गाडीची सरासरी इथे ताशी २५ ते ३० पडते. म्हणजे २५० किलोमीटरला नऊ-दहा तास नुसते गाडीवर. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. त्यात जेवण, चहा, पेट्रोल आणि एखादी जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणारी बोट, धरली की तुम्ही रोज रात्री आठला अनोळखी गावात पोचणार. लॉजवर राहायचं असेल तर आठला पोचलं तरी चालतं. तंबूवाल्याला नाही चालत. त्याला जागा बघायची असते, कुणालातरी विचारायचं असतं, पाणी कुठे आहे ते शोधायचं असतं. म्हणून माझा नियम असा: साडेचारला गाडीचं इंजिन बंद. त्यातून उरलेल्या वेळात जेवढं अंतर बसेल तेवढंच धरायचं, आणि ते या किनाऱ्यावर ९० ते ११० किलोमीटर बसतं.

तुमच्या गटाला मी आखून देईन तो रस्ता असा. पहिल्या दिवशी ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. हे साधारण १६० किलोमीटर होतात, पण रस्ता बरा आहे आणि सगळे ताजेतवाने असतात, त्यामुळे चालतं. दुसऱ्या दिवशी शेखाडीचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी जेट्टी आणि केळशीवरून आंजर्ले. तिसऱ्या दिवशी हर्णै, दाभोळ-धोपावे जेट्टी, गुहागर, वेळणेश्वर. चौथ्या दिवशी हेदवी, तवसाळ-जयगड जेट्टी, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी आणि पावसच्या पुढे गणेशगुळे. पाचव्या दिवशी पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. सहाव्या दिवशी जाणूनबुजून छोटा टप्पा, आचरा-तोंडवळीवरून मालवण किंवा देवबाग. सातव्या दिवशी वेंगुर्ला, शिरोडा, तेरेखोल आणि जेट्टीने पलीकडे केरी, म्हणजे गोवा. परत येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी, कोल्हापूर, पुणे. हे चारशेच्या पुढे जातं, ते दोन दिवसांत करा. एकूण नऊ दिवस झाले. सातच दिवसांची रजा असेल तर गोवा सोडा आणि पाचव्या दिवसानंतर कुणकेश्वरहून परत फिरा. किनारा अर्धवट पाहून गोवा गाठण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, गोव्याला तुम्ही एरवी एका रात्रीच्या बसने जाऊ शकता.

तारखांचंही तसंच. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळाच. जेट्टीला रांगा लागतात, गावातली प्रत्येक वाडी भरलेली असते, आणि नवख्याला अंगणात जागा द्यायला कुणाला उसंत नसते. १० जानेवारीनंतर तोच किनारा मोकळा असतो आणि हवा आणखी छान. एप्रिल-मे महिन्यांत तंबूत झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. पावसाळ्यात हा बेत नकोच.

आता मुक्कामाची जागा. तुमच्या डोक्यात वाळूवरचा तंबू आहे, तो मोह मला समजतो. २०११च्या जानेवारीत आम्ही सहा जण गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला पोचलो. समोर मैदानासारखी कोरडी वाळू पसरलेली. उशीर झाला होता, कुणाला विचारलं नाही, सुरूच्या झाडांपासून तीसेक पावलं पुढे दोन तंबू ठोकले आणि गाड्या बाजूला लावल्या. साडेबाराला मला जाग आली ती पाठीखाली गार लागलं म्हणून. टॉर्च लावला तर तंबूच्या दारात काढून ठेवलेले बूट पाण्यावर हलत होते. बाहेर पल्सरचं मागचं चाक निम्मं वाळूत गेलेलं, आणि प्रत्येक लाटेबरोबर आणखी खाली जात होतं. चौघांनी मिळून ती गाडी ओढायला वीस मिनिटं लागली. एक गाडी सकाळपर्यंत सुरू झाली नाही.

आदल्या दिवशी पौर्णिमा होती. कोकणात पोराटोरांना ठाऊक असलेला हिशेब तेव्हा मला ठाऊक नव्हता: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. प्रतिपदेला पाऊण वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण झोपायला जागा निवडण्यासाठी एवढं पुरतं. म्हणजे आम्ही सहाला पोचलो तेव्हा ओहोटी तळाला चालली होती, म्हणूनच किनारा एवढा रुंद दिसत होता. त्यातून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी चढते. तेव्हा निघायच्या आधी कॅलेंडरवर तिथ्या बघून ठेवा. आणि वाळूवर गेल्यावर खाली बघा. भरतीने आणून टाकलेल्या शिंपल्यांची, नारळाच्या सोडणांची, प्लास्टिकची एक रेघ असते. त्याच्याही वर, जिथे समुद्राचं पाणी पोचत नाही तिथे, जांभळ्या फुलांची जाड पानांची वेल पसरलेली असते. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा ती, तुमचा तंबू तिच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला.

पण खरं सांगायचं तर त्या रात्रीनंतर मी वाळूवर तंबू लावायचंच सोडलं. नुसत्या पाण्यामुळे नव्हे. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि तुम्ही जाल तो त्यांचा हंगाम असतो. वाळूवरचा उजेड आणि माणसांची वर्दळ दिसली की मादी तशीच परत फिरते. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, ती समुद्राऐवजी तुमच्या शेकोटीकडे येतील. शिवाय हा किनारा सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक आहे. १९९३च्या मुंबई स्फोटांची स्फोटकं याच शेखाडी-दिघी पट्ट्यात उतरली होती, आणि ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत बंदुका सापडल्या. गावोगावी सागर रक्षक दलाची माणसं असतात. रात्री दहाला किनाऱ्यावर अनोळखी तंबू दिसला तर ते येऊन विचारणारच, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. गोव्यात तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला २०१९पासून कायद्याने बंदी आहे.

मग झोपायचं कुठे? कुणाच्या तरी वाडीत, अंगणात, विचारून. गावात शिरलात की आधी किराण्याच्या दुकानात थांबा, चहा-बिस्किटं घ्या, आणि दुकानदारालाच विचारा की एक रात्र तंबू लावायला कुणाची जागा मिळेल का. तो दोन घरं सांगतो. त्या घरी पाचही जणांनी एकदम हेल्मेट घालून उभं राहू नका. दोघांनी जा, त्यातली एक मुलगी असू दे, हेल्मेट काढून, नाव-गाव सांगून विचारा. मोरी, संडास आणि विहिरीचं पाणी वापरायला मिळेल का हेही तेव्हाच विचारा. तुमच्याबरोबर दोघी मुली आहेत, त्यांच्यासाठी हे एवढं मिळणं तंबूच्या ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. आणि पैसे द्या. माणशी शंभर-दीडशे म्हणा, किंवा रात्रीचं जेवण त्यांच्याकडे सांगा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या कितीतरी नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळाचं झाड पुन्हा धरायला वर्षं जातात. ज्यांचं उत्पन्न असं गेलं त्यांच्या अंगणात फुकट राहायचं, हे मला पटत नाही. शून्य खर्चाचा हट्ट सोडून द्या, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

वेळणेश्वरजवळ एका काकांकडे आम्ही बऱ्याचदा उतरलो. पहिल्यांदा मी तंबू उलगडत होतो तेव्हा ते काही न बोलता वर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे नको हो, माडाखाली. रात्री वारा सुटला की झावळी येईल खाली. आंब्याखाली घाला." तेव्हापासून मी तंबू उघडण्याआधी वर बघतो. नारळ डोक्यात पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण सुकलेली झावळीही चांगली वजनदार असते आणि ती जास्त वेळा पडते. सुरूच्या बनात झोपायला छान वाटतं, पण खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर असतो, तो ठिणगीने भसकन पेटतो. तिथे स्टोव्हसुद्धा पेटवू नका.

आता तंबू. तुम्हाला दोन तंबू लागतील, एक तिघांचा आणि एक दोघींचा. दोन्ही स्वतःच्या काड्यांवर उभे राहणारे घ्या, म्हणजे खिळे न ठोकता उभे राहतील असे. कारण साधं आहे: वाळूत खिळा धरत नाही आणि जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खिळा शिरत नाही. माझ्याकडे तंबूच्या पिशवीत नेहमी चार-पाच रिकाम्या कापडी पिशव्या असतात. वाळू किंवा माती भरायची, तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी वीतभर खोल पुरायची. वाऱ्यात खिळ्यापेक्षा ती घट्ट धरते. कातळावर असाल तर दोरी जांभ्याच्या चिऱ्याला बांधा. थंडीसाठी बनवलेला जाड तंबू नको, आतून पूर्ण जाळीचा आणि वरून वेगळं पांघरूण असलेला बघा. जाळी डासांसाठी, पांघरूण दवासाठी. जानेवारीत पहाटे दव इतकं पडतं की पांघरुणावरून पाणी गळतं. अंथरायला खाली ताडपत्री, वर चटई, पांघरायला एक चादर आणि फारतर पातळ स्लीपिंग बॅग. महागडी काही लागत नाही.

सामानाचं वजन मी असं ठरवतो: निघायच्या दिवशी सगळं बांधून झाल्यावर गाडी एकट्याने मधल्या स्टँडवर चढवता आली पाहिजे. नाही चढली तर सामान कमी करायचं. जड वस्तू खाली आणि पुढे, तंबू मागे आडवा. नुसत्या बंजी दोरांवर विसंबू नका, पट्टे वापरा. स्कूटरवर पायांत सामान ठेवायचा मोह होतो, पण पाय टेकायला जागा हवी, निदान जेट्टीवर तरी. स्वयंपाकासाठी एकच छोटा गॅस, एक पातेलं, आणि चहा, पोहे, मुगाची खिचडी एवढाच शिधा. दुपारी खानावळीत जेवा. इतकं चांगलं मासळीचं जेवण सोडून रस्त्याकडेला नूडल्स शिजवत बसू नका.

गाड्यांबद्दल थोडक्यात. निघण्याआधी ब्रेक पॅड आणि टायर बघून घ्या, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची एकेक जादा केबल, प्लग, पंक्चरचं सामान आणि बुलेटला ट्यूब असेल तर जादा ट्यूब आणि पंप. खारी हवा चेनला खाते, म्हणून एरवी ५०० किलोमीटरला तेल घालत असाल तर इथे एक दिवसाआड. साइड स्टँडखाली ठेवायला लाकडाची चपटी फळी प्रत्येकाकडे हवी, नाहीतर मऊ जमिनीत गाडी रात्रीतून आडवी होते. स्कूटरची टाकी पाच लिटरच्या आसपास असते, तेव्हा पेट्रोल निम्म्यावर आलं की पुढचा पंप सोडायचा नाही.

जेट्टीवर एक गोष्ट जपा. उताराचा सिमेंटचा भाग शेवाळलेला आणि ओला असतो. पुढचा ब्रेक दाबलात की गाडी गेली. पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, एकामागून एक उतरा. मागे बसणारा आधी चालत जाऊ दे. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळ उभे राहा. सुटण्याच्या वेळा जागेगणिक आणि दिवसागणिक बदलतात, आदल्या संध्याकाळी गावात विचारून ठेवा. दाभोळची जेट्टी चुकली तर गुहागरला चिपळूणवरून वळसा पडतो आणि अख्खा दिवस जातो.

मित्रांचं म्हणाल तर निघण्याआधी एका संध्याकाळी पाचही जण बसून चार गोष्टी ठरवा. वेग सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या गटात बहुधा स्कूटरचा. ती दुसऱ्या नंबरवर ठेवा, सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. प्रत्येक वळणाच्या फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे कुणी कुणाला गाठायला पळत नाही. काँट्री, म्हणजे खर्चाची वर्गणी, आधीच काढायची आणि एकाच्याच हातात ठेवायची. मी पाहिलेली जवळजवळ सगळी भांडणं "ते दोनशे कुणी दिले होते" इथून सुरू झाली. आणि संध्याकाळी कुणी पिणार असेल तर सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या न पिणाऱ्याच्या पिशवीत. समुद्रात तर त्यानंतर पाऊलही टाकायचं नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोकादायक आहे. देवबागला खाडी आणि समुद्र मिळतात तिथे ओहोटीचा ओढा फार असतो. स्थानिक माणूस जिथे उतरत नाही तिथे तुम्ही उतरू नका.

राहिला साप-विंचवांचा विषय. कातळसड्यावर फुरसं असतं, आणि लाल विंचू घरांच्या, चिऱ्यांच्या आसपास. सकाळी बूट आपटून घाला, रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि बूट दोन्ही हवेत, तंबूची चेन कायम बंद. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका, चावलेला भाग स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि सरकारी ग्रामीण रुग्णालय गाठा. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या तर तेही तितकंच गंभीर समजा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून या विंचवाच्या दंशावर उपचार बसवले, त्यामुळे आज माणसं वाचतात, पण औषध वेळेत मिळालं तरच. रात्र काढून सकाळी बघू, असं करू नका.

हे सगळं वाचून यादी करायला बसाल, त्याआधी एक करा. येत्या शनिवारी पाचही जणांनी चारही गाड्या पूर्ण सामानासकट बांधा आणि पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, मुळशी किंवा पानशेतकडे ओळखीच्या कुणाच्या शेतात एक रात्र काढा. साडेचारला पोचा, तंबू लावा, खिचडी करा, सकाळी सगळं आवरून बांधा. बांधायला किती वेळ लागला तो घड्याळात बघा. पहिल्यांदा दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ रोजच्या प्रवासातून वजा करून वर दिलेले टप्पे परत तपासा, आणि ज्या वस्तू त्या रात्री पिशवीतून बाहेरच निघाल्या नाहीत त्या घरी ठेवा.